चिंचेनं खाल्लेली कवचं

अठ्ठ्याण्णव साली मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घर शहराला लागूनच, उचगावात; वडील इचलकरंजीला मागावर कामाला. घरात ठरलं होतं, पास झाले तर पुढं शिकायचं, नाहीतर लग्न; पाहुणे बघूनही गेले होते.

माझा प्रबंध होता अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावर. त्या गाळात रव्याच्या कणाएवढी, सूक्ष्मजीवांची चुन्याची कवचं असतात. एक जात गार पाण्यात वाढते, दुसरी कोमट पाण्यात. कुठल्या थरात कुठली जास्त, ते मोजलं की हजारो वर्षांपूर्वीचा समुद्र कसा होता ते कळतं. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कण उचलायचा, मान मोडेपर्यंत. शेजारीण विचारायची, "पोरी, वाळू निवडून नोकरी लागती व्हय?"

"तांदूळ निवडून तुम्हाला लागली काय?" मी म्हणायचे.

सगळ्यात खालच्या थरातली कवचं झिजलेली, भोकं पडलेली निघाली. त्या काळी तळाचं पाणी चुना खाणारं, आंबट होतं, असं मी ठोकून दिलं. माझे मार्गदर्शक सर खूश झाले.

प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसायचं, म्हणून गाळ मी घरी धुवायचे. चाळणी पितळेची, आणि आमच्याकडे पितळ चिंचेनंच घासतात. तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी ती पुन्हा घासायला घेतली, तर जाळीच्या कडेला जुनी चिंच अडकलेली. तो खालचा थर धुऊन मी रात्रभर याच चाळणीत वाळत ठेवला होता. त्याच थराचा उरलेला चिमूटभर गाळ दुसऱ्या चाळणीत धुतला. कवचं धडधाकट निघाली. एवढा जुना समुद्र मी माझ्या मोरीत आंबट केला होता.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "गप्प बस. परीक्षकांना तोच भाग आवडलाय. बोललीस तर वर्ष जाईल की!"

मला वर्षाची भीती होतीच. पण खोट्या समुद्रावर पास व्हायची त्याहून जास्त चीड होती.

परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. मी म्हणाले, "ते चुकीचं आहे, सर. ती कवचं समुद्रानं नाही, माझ्या चिंचेनं खाल्ली."

"मग बाकीच्या पानांवर तरी विश्वास का ठेवायचा?"

माझं डोकंच फिरलं. "कारण ही चूक तुम्हाला सापडली नव्हती, मला सापडली. बाकीचे थर इथंच आहेत. बसा आणि मोजा."

ते खरंच बसले. जेवायची वेळ टळली, तरी मोजत राहिले. आकडे जुळले. पहिला वर्ग मात्र थोडक्यात हुकला.

घरी सांगितलं, तर वडिलांनी एवढंच विचारलं, "पास हाईस न्हवं?"

"हाय की."

"मग पावण्यास्नी न्हाय म्हणून सांगतो."