बेसनाचे गोळे

मनीषनगरच्या त्या गल्लीत कढी फुटली किंवा साबुदाण्याचा गिचका झाला, की बायका आधी प्रेमलताकाकूंना फोन लावत, मग देवाचं नाव घेत. पोळ्या वातड होतात काहून, लोखंडी कढईत टमाटर टाकू का, सगळ्याची उत्तरं काकूंच्या जिभेवर. उत्तरासोबत चार बोलणीही फुकट.

सगळ्यांत जास्त बोलणी खाल्ली ती लेकीनं, करिष्मानं. लग्न होऊन पुण्याला गेली तरी नऊ वर्षं रोज संध्याकाळी सातला तिचा फोन. "आई, तुरीच्या डाळीले शिट्ट्या किती?" विचारत विचारत पोरगी सगळं शिकली, पण गोळाभात काही जमला नाही. त्याला हरभऱ्याच्या डाळीचा भरडा लागतो, जाडसर दळलेला. त्यात कडक तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातावर वाफवायचे. काकू चक्कीवरून भरडा दळून आणून पुण्याला पाठवत. तो डब्यात पडून राही आणि करिष्मा दुकानातलं बारीक बेसन घेई, मोहनाला फाटा देई.

"गोळे हायत का गोटे वं? पोरीचे दात पाडतं का?" काकू ओरडत. करिष्मा हसत सुटे.

फाल्गुनात करिष्मा गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. काकू रडल्या नाहीत. तेरवीला आलेल्या बायकांना त्यांनीच पुरणात जायफळ किती ते सांगितलं. दुःख होतंय असंही त्यांना वाटेना. काही वाटतच नव्हतं. बाबाराव म्हणाले, "वरनात मीठ नाही वं आज," तर त्यांनी नवऱ्यापुढे मुकाट्यानं मिठाची बरणी सरकवली.

फोन सातलाच वाजे, पण आता जावयाचा, सौरवचा. भाताला पाणी किती, कांदा करपतो काहून. काकू विचारलं तेवढंच सांगत. बोलणी बंद झाली होती.

त्यातच नातीनं, सहा वर्षांच्या चिनूनं, जेवण सोडलं. नुसतं दूध. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोरीला भरती करावं लागेल. ती एकच मागे, मम्मीचा गोळाभात. काकूंनी सौरवला सगळी कृती सांगितली. त्यानं तीनदा केला. चिनू गोळ्यात बोट घालून बघे आणि ताट सारून देई.

चौथ्या दिवशी सौरवचा आवाज रडवेला झाला होता. "आई, भरडा तुमचाच घेतला. गोळे मस्त मऊ होऊन राहिले. पन चिनू म्हणते, मम्मीचे असे नसत. मी कुठं चुकून राहिलो?"

सौरव कुठंच चुकत नव्हता.

"भरडा राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरात बेसन हाय?"

"हाय. करिष्मानंच आणलेलं."

"तेच घ्या. मोहन टाकू नका. घट्ट मळा अन् दाबून दाबून वळा."

"पन आई, मग त त्याचे गोटे होतील."

"होऊ द्या."

नऊ वर्षं जिच्यापायी लेकीला धारेवर धरलं, ती चूक काकूंनी एक पायरी न गाळता जावयाला सांगितली. ती आपल्याला इतकी पाठ आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं.

तासाभरानं फोन आला. "गोटेच झाले, आई. चिनूनं दोन खाल्ले. तिसरा हातात घेऊन बसली हाय."

"बरं झालं," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तसाच गोळाभात रांधला. बाबारावांनी गोळा फोडायला घेतला, तो बोटांना दाद देईना.

"काहून वं, भरडा संपला का?"

"नाही. आपली करिष्मा असाच करे," काकू म्हणाल्या, आणि भरल्या ताटावर फाल्गुनापासून पहिल्यांदा रडल्या.