काचेची क्लिप आणि माझी घाई

गाडीच्या दारात काच ज्या प्लास्टिकच्या क्लिपवर वरखाली होते, ती सुटली तेव्हा मी घरातल्या झटपट गोंदाने चिकटवली आणि स्वतःवरच खूश झालो. निफाडच्या रस्त्यावर द्राक्षांचा भाव विचारायला बायकोने काच खाली केली, ती थेट दाराच्या पोटात गेली.

दोन दिवसांनी त्र्यंबकेश्वरला भाचीचं लग्न होतं. "पैठणी नेसून मी धूळ खात येणार नाही," बायकोने बजावलं.

द्वारका चौकातल्या, गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने दोन नळ्या मिसळायचा गोंद पुढे केला. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "तो नका घेऊ साहेब, दार आपटलं की तडकतो. सिलिकॉन न्या."

"सिलिकॉनने क्लिप हलत राहील!" दुकानदार उखडला. दोघांची जुंपली आणि मला कुणी विचारेना. वैतागून मी पुढची मोठी काच बसवायचा काळा, रबरासारखा गोंद घेतला.

काच पुसली, क्लिप घासून खरखरीत केली, गोंद लावून काचेला दाबली आणि काच टेपने वर बांधली. एक दिवस हात लावू नका, असं नळीवर लिहिलं होतं. संध्याकाळी मला राहवेना. चिकटलंय का बघायला बटण दाबलं. क्लिप एकटीच खाली गेली, काच टेपला लटकत राहिली.

बायको म्हणाली, "अहो, मी दादाच्या गाडीतून जाते. तुम्ही या मागून, एका हाताने काच धरून."