लिंबाच्या पुढं वाजवायचं न्हाई! (सात बाया, एक घोडी आणि परभणी जिल्हा)

परभणीला कुणी फिरायला जातं का, असं मला घरातल्या प्रत्येकाने विचारलं. आईने तर चेहरा गंभीर करून थेट "कोण वारलं?" असं विचारलं. कुणीही वारलं नव्हतं. मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला होता, एवढंच. त्यात साडीवर लाल कोट घातलेली, खांद्यावर सोनेरी झालर मिरवणारी, साठीची एक बाई वरातीपुढे क्लॅरिनेट फुंकत होती आणि मागे सगळ्या बायाच. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. दर कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमाने येऊन विचारतं, "छान! आणि तुम्ही गाता का?" समोर दोन तास अख्खा कीबोर्ड ठेवून मी बसले होते, तो यांना इस्त्रीचा टेबल वाटला असावा. तर मला त्या क्लॅरिनेटवालीला विचारायचं होतं की बाई, तुला काय काय विचारतात?

बँडच्या मोठ्या ढोलावर फोन नंबर रंगवलेला होता. व्हिडिओ थांबवून तो वाचला आणि लावला.

"लग्न कुणाचं हाय?" पलीकडून आवाज आला.

"लग्न नाही. तुम्हाला भेटायचंय."

"मंग कामून यायल्या?" थोडा विचार झाला. "बरं, या. आइतवारी गावातच वाजवायचंय. खुळखुळा वाजवता येतो का?"

येतो म्हणाले. खुळखुळ्यात न येण्यासारखं काय असतं! हा माझा गैरसमज पुढे दूर झाला.

रात्रीची रेल्वे पकडली की सकाळी परभणी. स्टेशनबाहेर पोहे आणि दोन चहा पन्नास रुपयांत होतात. पोह्यांवर शेव घालू नका म्हणालात तर गाडीवाला तुमच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघतो. तिथून जिंतूरकडे जाणारी एसटी धरायची आणि झरीला उतरायचं. रस्ता काही ठिकाणी लोण्यासारखा, काही ठिकाणी हाडं मोजणारा. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा. झरीपासून आत जायला रिक्षा मिळते, पण ती माणसांनी भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली म्हणजे काय याची तिथली कल्पना तुमच्या-माझ्यापेक्षा उदार आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या अप्पांबद्दल पुढे लिहिणार आहे ते ब्लॉग वाचत नाहीत, पण त्यांचा नातू वाचतो.

कौसल्यामावशी, म्हणजे व्हिडिओतली क्लॅरिनेटवाली, खळ्यावर तालीम घेत होत्या. सात जणी होत्या. ट्रम्पेटवर शबानाआपा, अंगाने किरकोळ, पण फुंकर अशी की समोरच्या माणसाची टोपी सरकावी. गळ्यात ताशा अडकवलेली उंच, देखणी रोशनी. आणि कडेला एक पांढरी घोडी कडबा खात उभी. ही श्रोत्यांत कशी, असं विचारलं, तर घोडीवाला म्हणाला, "हिला बँडची सवय लावायलोय, ताई. आधी बुजायची. आता उलटं झालं. रोशनीचा ताशा वाजल्याबिगर पाऊल उचलंना." वाक्य मजेशीर वाटलं म्हणून फोनमध्ये टिपून ठेवलं.

जेवायला भाकरी, येसराची (म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटी नाकातून वाहायला लागली तसा मावशींनी आपणहून विषय काढला.

"मपल्या सासऱ्याचा बँड व्हता. क्लॅरिनेटवाला ऐन लगीनसराईत पुण्याला कंपनीत गेला. सासरे डोक्याला हात लावून बसले. मी भाकरी थापता थापता समदी गाणी ऐकलेली. म्हणलं, मामंजी, मी बगू का? ते म्हणले, बाईचं काम न्हाई. म्हणलं, मंग बसा तसंच."

"मग?"

"मंग काय! तिसऱ्या दिशी गुमान आणून दिलं हातात. पहिल्या लग्नाला लोकं नवरीला सोडून मला बगायला. बाई फुकतीय म्हणून!"

शबानाआपांनी ट्रम्पेट वडिलांकडून उचलला. सासरी कळलं तेव्हा इज्जतीचा प्रश्न झाला. "पहिल्या सुपारीचे पैसे घरात आले, तसा प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या. "आता सासू शेजारणीला सांगते, आमची सून लय जिम्मेदार."

रोशनी चटणी वाढून घेत ऐकत होती. ती मुलगा म्हणून याच गावात जन्मली आणि बाई म्हणून राहते. घर सोडावं लागलं, परत आली, मावशींच्या पडवीत राहिली ती राहिलीच. "मला आधी बी लग्नात बोलवायचे, ताई," ती म्हणाली. "आशीर्वाद दे अन् जा. ताशा वाजवायली तवापासून म्हणतात, थांब, जेवून जा." ती हसली. मला हसता येईना, तर तिने माझ्या ताटात अजून आमटी ओतली.

हात धुताना मावशींनी पुढचा वरचा दात बोटाने हलवून दाखवला. दात चांगलाच डुगडुगत होता. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून फुंकायचं असतं. दातांच्या डॉक्टरने तो काढायला सांगितलं होतं. "रविवार झाला की काढणार. मंग बास. कवळी लावून मला न्हाई जमायचं."

रविवारचं काय एवढं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तालमीला सुट्टी होती, म्हणून मावशी, शबानाआपा आणि रोशनी मला फिरवायला निघाल्या. जिंतूरच्या एसटीत कंडक्टरने मान वरही न करता "चार हाफ" म्हणून बायकांची अर्धी तिकिटं फाडली. रोशनीने तिचं तिकीट सरळ करून मोबाईलच्या कव्हरात ठेवलं. "बगा, एसटीला कळतंय," ती म्हणाली. "आमच्या अप्पालाच कळंना." अप्पा म्हणजे तिचे सख्खे चुलते. तोवर त्यांनी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "भावाचं पोरगं" म्हणायचे.

चारठाण्याला जाच. जुनी देवळं गावात अशी विखुरलीत की एका देवळाशेजारी शेळी बांधलेली आणि दुसऱ्याशेजारी ट्रॅक्टर उभा. तिकीट नाही, पाटी नाही, पाणी मात्र बरोबर न्या. एका खांबावर झिजलेली एक आकृती होती, मला तरी मृदंग वाजवणारी बाई वाटली. मावशी तिच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ही बगा. देवळाच्या आत वाजवायलीय. हिला कुणी अडवलं न्हाई."

"दगडाची हाय ना, म्हणून," शबानाआपा म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मावशींच्या गावात नवरदेव लग्नाआधी घोडीवरून मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्यापुढे बँड. पण मारुतीच्या पारापासून हाकेच्या अंतरावर एक लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड आहे, आणि बाईने लिंबाच्या पुढं वाजवायचं नाही असा गावचा नियम. लिंबापासून पारापर्यंत हलगीवाले गडी वाजवतात. मावशींचे सासरे, नवरा, दोघंही त्या मारुतीपुढे वाजवून गेले. मावशींनी अख्ख्या तालुक्यात वाजवलं आणि आपल्याच गावात लग्नामागून लग्न लिंबाखाली गप्प उभ्या राहिल्या. दात पडायच्या आत एकदा मारुतीपुढे वाजवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. रविवारचा नवरदेव त्याच अप्पांचा नातू, आणि पाराचे नियम सांभाळतात तेही अप्पाच.

येलदरीला धरण बघितलं असं म्हणायचं. खरं तर तळलेले मासे बघितले. गरम, तिखट, बाहेरून कुरकुरीत. भाकरीसकट दोनशे रुपयांत पोट फुटेल इतके. तिसरा तुकडा उचलताना रोशनीने बेत मांडला.

"नियम काय हाय? बाईनं वाजवायचं न्हाई. अन् गाव म्हणतंय, मी बाई न्हाई. मंग मी जाते की सरळ पुढं! एकदा ताशा आत गेला की मागून क्लॅरिनेट शिरतंय."

"अन् हलगीवाले?" मावशी म्हणाल्या.

"नवरदेवाला सांगून बोलावलेच न्हाईत. तो मपल्याच बाजूनं हाय."

शबानाआपांना ठसका लागला. मावशी काट्यांशी खेळत राहिल्या. "पण रोशने, त्यासाठी तू बाई न्हाई असं आपणच म्हणायचं?"

"तुमच्यासाठी एक दिस म्हणू की, मावशी," रोशनी म्हणाली आणि माशाकडे बघत राहिली. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला, कुणाचा ते कळलं नाही.

रविवारी मला दोन माप मोठा लाल कोट आणि खुळखुळा मिळाला. पंधरा वर्षांच्या कीबोर्डनंतर परभणी जिल्ह्यात माझी पात्रता खुळखुळा, आणि तोही चुकतोय असं शबानाआपा ट्रम्पेट न थांबवता डोळ्यांनी सांगत होत्या. उन्हाने कोटाची भट्टी झाली. पण खरं सांगते, लोक घराच्या धाब्यावर चढून बघत होते, पोरी ढोलावर नाचत होत्या, आणि एकानेही मला गाता का म्हणून विचारलं नाही. मी सुखात होते.

लिंब आला. मावशी थांबल्या, आम्ही थांबलो. रोशनी ताशा बडवत एकटी पुढे निघाली, मागे घोडीवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. पारावर अप्पा उभे होते, कपाळावर भस्म, खांद्यावर उपरणं. त्यांनी हात वर केला.

"ए बाई! थांब तिथंच! लिंबाच्या पुढं बाईनं वाजवायचं न्हाई, ठाव न्हाई का?"

ताशा थांबला. रोशनी वळली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला आधी उलगडाच होईना.

"मावशे! ऐकलं का? बाई म्हणले मला. समद्या गावापुढं!"

"लय आनंद झाला गं," मावशी दातओठ खात म्हणाल्या, "पण आता समद्याच अडकलो की!"

रोशनी धावत परत येऊन मावशींच्या गळ्यात पडली, ताशासकट. मावशींनी तिच्या पाठीवर थोपटलं, आणि जिभेने दात चाचपत पाराकडे बघत राहिल्या. मला भडभडून आलं. बेत फसला होता आणि बेत मांडणारीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस उजाडला होता. या दोन गोष्टींचं एकदम काय करायचं, कुणालाच कळेना.

घोडीला मात्र कळलं. तिने रोशनीकडे मान वळवली, मग चारही पाय रोवून उभी राहिली.

घोडीवाल्याने ओढलं. हलेना. अप्पा स्वतः उतरून आले, गूळ दिला. घोडीने गूळ खाल्ला आणि दुसरा मागितला. नवरदेवाच्या मित्राने मोबाईलवर गाणं लावलं, तिने फक्त एक कान हलवला.

"अप्पा, उतरून चालत येऊ का?" नवरदेव.

"परण्या कधी पायी जातो का रे?" अप्पा खेकसले. मांडवातून माणूस पळत आला, अक्षतांची वेळ व्हायलीय म्हणून. "हलगीवाले कुठं मेलेत?" असं विचारल्यावर सगळे नवरदेवाकडे बघायला लागले आणि नवरदेव आभाळाकडे.

शेवटी अप्पा म्हणाले, "वाजवा तिथूनच."

"हितून वाजवलं तर ती हितंच नाचंल," मावशी थंडपणे म्हणाल्या. "घोडी बँडच्या मागं चालती, अप्पा. आमी पुढं गेलो तर यील."

अप्पांनी लिंबाकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं, घोडीकडे तर असं बघितलं की जणू तीच सूनबाई. "चला मंग."

"कोण कोण, अप्पा?" रोशनीने विचारलं. बारीक आवाजात, पण सगळ्यांनी ऐकलं.

"समद्या बाया चला! अन् रोशने, तू म्होरं हो. तुझ्याबिगर हे जनावर हलना!"

रोशनी हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं. तिने काड्या उचलल्या, घोडीने पाय उचलला. मावशींनी क्लॅरिनेट ओठांत धरलं. लिंब मागे पडला आणि मावशी वाजवू लागल्या, लग्नातलं गाणं नाही, काहीतरी संथ, सासऱ्यांचं असावं. एक सूर फाटला, दातामुळे. त्यांनी तो तसाच उचलून पुढे नेला. मी खुळखुळा छातीशी धरून रडत होते, त्यामुळे तेवढ्यापुरता तालात राहिला असावा.

"आता मारुतीला तेल घालावं लागंल," वाजवणं संपल्यावर अप्पा पुटपुटले.

"दोनदा घाला," मावशी म्हणाल्या.

निघताना रोशनीला गाठलं. घोडी अडेल हे तुला आधीच माहीत होतं ना? "जनावराचं काय सांगता येतंय, ताई," ती म्हणाली आणि पदरात बांधलेला गूळ घोडीला चारला.

परत आल्यावर आईने विचारलं, काय बघितलंस? देवळं, धरण, मासे, म्हणाले, आणि लाल कोटातला फोटो दाखवला. पुढच्याच कार्यक्रमानंतर एक गृहस्थ आले आणि गाता का म्हणाले. "नाही, पण घोडी चालवते," असं मी सांगितलं. ते अजून विचार करत असतील.

काल मावशींचा फोन आला. दात काढला. बोलताना हवा सुटत होती, हसताना जास्तच. क्लॅरिनेट आता शबानाआपांची लेक शिकतेय, मावशी बाजेवर बसून तिला शिव्या देतात. वाईट वाटत नाही का, असं विचारलं, तर म्हणाल्या, वाटतंय की, लय वाटतंय. मी विषय बदलायला दाताचं काय केलंत म्हणून विचारलं.

"लिंबाच्या बुडाला पुरला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी थांबले तिथं. आता त्यो थांबंल."