सात हात उरलेलं लुगडं आणि येनाचं रान

दिवाळी झाली, त्याच्या चौथ्या दिवशी मी भंडाऱ्याहून लाखनीची एसटी पकडली. पिशवीत एक धोतर, एक पांघरूण, सुनेनं बांधून दिलेल्या भाकरी आणि हातरुमालाएवढा कोशाच्या कापडाचा तुकडा. तो तुकडा रंग जुळवून पाहायला.

कशासाठी निघालो ते आधी सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. मी कोष्टी. चौथी शिकलो आणि मागावर बसलो, तो अजून उठलो नाही. आमच्याकडे कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशमाचं, करवतकाठी लुगडं विणतात. विणणं पुरुषाचं, सूत काढणं बाईचं. कोसे (किड्यांनी बांधलेले कोष) उकळायचे, त्यातून तारा ओढायच्या आणि उघड्या मांडीवर तळव्यानं वळायच्या. माझ्या बायकोनं, चंद्रभागेनं, सारा जन्म लोकांच्या लुगड्यांसाठी मांडीवर सूत वळलं. स्वतः कधी कोशाचं नेसली नाही. म्हातारपणी मी म्हटलं, एक तुझ्यासाठी काढू. तिनं ताण्याचं (उभ्या धाग्याचं) सगळं सूत वळलं, बाण्याचं (आडव्याचं) वळत होती आणि चैत्रात गेली. लुगडं अठरा हातांचं. अकरा हात विणून झालं होतं, सात हात राहिलं. सात महिने ते तसंच मागावर होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवत होतो.

पोरगा म्हणाला, बाजाराचं सूत भरा. भरून पाहिलं. चार बोटं विणली आणि उसवली. दुसऱ्याच्या घरचं ठिगळ लावल्यासारखं दिसत होतं. चंद्रभागा कोसा हातात घेऊन सांगायची, हा येनाचा, हा कहूचा (येन म्हणजे ऐन, कहू म्हणजे अर्जुन). येनाचा पाला खाऊन किड्यानं केलेला कोसा मधाच्या रंगाचा, कहूचा फिका. स्वतःच्या लुगड्याला तिनं सगळे येनाचेच निवडले होते. आता गंमत पाहा. येनाचं झाड तिनं कधी ओळखून पाहिलं नव्हतं, मीही नाही. ज्याच्यावर दोघांचं पोट भरलं ते झाड वाटेत उभं राहिलं असतं तरी आम्ही त्याला रामराम केला नसता. लाज वाटते, पण खरं आहे.

उरलेल्या सात हातांसाठी येनाचेच कोसे हवे होते. आम्हाला कोसे आणून देणारा व्यापारी लाखनीचा, म्हणून आधी लाखनी. दुकान सापडलं, पण दुकानात प्लास्टिकच्या खुर्च्या.

"बाबाजी, कोसा सोडून लई दिवस झाले. आता हेच विकून राहिलो. बसा, बसून पाहा."

"मले खुर्ची नोको. कोसे कोठून आणत होता तेवढं सांग."

"आंबागडच्या पुढं, जंगलाच्या काठाले. ढिवर लोक हायेत, मच्छी धरणारे. गिरजाबाई नावाची बुढी हाये. जित्ती असन तर भेटन."

परतीच्या गाडीसाठी हमरस्त्यावर उभा राहिलो. पूर्वी इथं चिंचेची मोठी झाडं होती, गाडी दोन तास आली नाही तरी कोणी तक्रार करत नसे. रस्ता रुंद झाला आणि चिंचा गेल्या. आता सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची, एक वीत रुंद. त्या सावलीत आम्ही नऊ माणसं एकामागे एक उभी होतो. सावली सरकली की रांग सरकायची. मागून एक बाई म्हणाली, "बाबाजी, जरा सरका ना, माझ्या डोक्शावर ऊन आलं."

"मले काय सांगतेस? खांबाले सांग."

रांग हसली. ट्रक धूळ उडवत गेले. एवढ्या मोठ्या रस्त्यावर नऊ माणसांना पुरेल एवढी सावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमसर, तिथून आंबागड. वर डोंगरावर किल्ला, खाली धानाची कापणी चाललेली. गावात विचारत विचारत रानाच्या वाटेला लागलो. उन्हानं टाळू तापली होती. जंगलात शिरलो आणि दहा पावलांत घाम थंड झाला. भंडाऱ्यात एवढा गारवा हवा तर कूलर लावावा लागतो, आणि तो रात्रभर भुंकतो.

पुढे मोकळ्यावर छाटून ठेंगणी ठेवलेली शंभरेक झाडं दिसली. पानं जाड, हिरवी. फांद्यांवर बोटाएवढे हिरवे किडे पानं कुरतडत होते. एवढं शांत होतं की त्यांच्या खाण्याचा आवाज येत होता, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. हेच येन. मी पाऊल टाकणार, तेवढ्यात काठी आडवी आली.

"थांबा! त्या गोट्यांच्या अलीकडं येऊ नका."

जमिनीवर दगडांची एक ओळ होती. पलीकडे वाळल्या लाकडासारखी म्हातारी. हीच गिरजाबाई. तिच्या मागे तिचा चाळिशीचा पोरगा शालीक, दाढी वाढलेली. मी कोण, कशाला आलो, सांगितलं. ती फौजदारासारखी विचारायला लागली.

"साबण लावला का आज?"

"नाही."

"मटन-मच्छी खाल्ली?"

"नाही."

"घरी मयत?"

खोटं बोललो असतो तर काम झालं असतं. पण चंद्रभागा मेली नाही असं माझ्या तोंडून निघेना. "बायको. चैत्रात."

"वर्ष नाई झालं. मंग गोट्याच्या पलीकडंच बसा."

माझं डोकं फिरलं. "बाई, सुतक तेरा दिवसांचं. तेरवी केली, गाव जेवलं."

"ते तुमच्या गावात. येनाखाली वर्ष लागते."

"माझी बायको मेली हे किड्याले काय समजते?"

"तुमाले समजते ना?" ती म्हणाली. "मयत झालेल्या घरचं माणूस बसलं झाडाखाली, तर पाहत राहते एकीकडं. पाखरू येऊन किडे खाऊन जाते, त्याले पत्ता नाई. आमाले असा राखणदार नोको."

सात महिने मी तेच करत होतो.

कोसेही तिच्याकडे नव्हते. किडे अजून खात होते. आठ-दहा दिवसांनी कोसे बांधतील, पण निम्मे किडे कावळ्यांनी आणि कोतवाल पाखरांनी आधीच नेले होते. उरलेले वाचले तर वाचले. "थांबायचं तर मोहाखाली थांबा," म्हातारी म्हणाली. ओळीबाहेर मोहाचं एक मोठं झाड होतं. शालीकनं तिथं खाट टाकून दिली.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची भाजी. घराला जाळी टांगलेली आणि ताटात मासा नाही! मी शालीकला विचारलं. तो हिरमुसून म्हणाला, "किडे झाडावर हायेत तवरोक मच्छी नाई, दाढी नाई, साबण नाई. मायचा कायदा."

"आन बायको?"

"माहेरी पाठवली ना बाबाजी!" म्हातारीनं आतून चमचा आपटला.

दुसऱ्या दिवशी शालीक मला खालची बोडी (लहान तळं) दाखवायला घेऊन गेला. काठोकाठ पाणी. वरचा सगळा उतार झाडांचा. नाल्यापलीकडचा उतार उघडा, तिथली बोडी आताच चिखलावर आली होती. पाऊस दोन्हीकडे एकच पडला. शालीक म्हणाला, "पलीकडचं लाकूड म्हणून गेलं. आमचं राहिलं, काहून का आमाले पाला लागते. आमी डांग छाटतो, खोड नाई तोडत. पुढच्या वर्षी पुन्हा फुटते."

झाडे लावा, झाडे लावा, हे शाळेच्या भिंतीवर आणि एसटीच्या मागे मी खूप वाचलं आहे. वाचून मी एक झाड लावलं नाही. इथं कोणी भिंतीवर काही लिहिलं नव्हतं. ज्याची चूल झाडावर पेटते तो झाड राखतो. माझीही चूल त्याच झाडावर पेटत होती, फक्त मी तीस मैल लांब बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालीक कापणीला गेला आणि म्हातारी एकटी राखणीला. कोतवालांचा थवा आला. ती एका टोकाला गलोल मारी तोवर ते दुसऱ्या टोकाला. मी ओळीबाहेरून थाळी बडवत होतो. तिची दुसरी गलोल पडली होती, ती उचलून गोटा मारला, तो माझ्याच अंगठ्यावर बसला. पाखरं खाऊन गेली. माझ्या डोळ्यांदेखत माझं लुगडं चोचीतून चाललं होतं आणि मला एक पाऊल पुढे टाकता येत नव्हतं. नियम मोडावासा वाटला, खोटं कशाला सांगू. मोडला असता तर म्हातारीनं हाकललं असतं, आणि बरोबर केलं असतं.

अंगठा चोखत बसलो आणि नजर घराच्या भिंतीवर गेली. जाळी. फाटकी, जुनी, सहा-सात.

"बाई, ह्या जाळ्या कामाच्या हायेत का?"

"त्याच्यातून म्हैस निंगून जाईन. कायले?"

"मले आणून दे. मी तुझ्या झाडाले हात लावत नाही. पण तुटलेला धागा जोडायले मले कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही."

बसलो मोहाखाली. धागा तुटला तर गाठ दिसता कामा नये, ही आमची शिकवण. इथं गाठ दिसली तरी चालणार होती, घट्ट हवी. भोकं भरली, जाळीला जाळी जोडली. दिवसाउजेडी तेवढं काम, तीन दिवस. चष्म्याची दांडी तुटली, ती जाळीच्याच धाग्यानं बांधली. शालीक कापणीवरून आला की शेजारी बसून गाठ शिकायचा. ढिवराच्या पोराला कोष्ट्यानं जाळी शिकवावी, असा उलटा कारभार. म्हातारी येऊन ओढून बघायची आणि न बोलता जायची. तिसऱ्या दिवशी बोलली, "हात चालून राहिला तुमचा."

"आता बसू का झाडाखाली?"

"नाई."

जोडलेली जाळी तिनं बोडीत बुडवली, धुपाच्या धुरातून काढली, जाळीवरचं माझं सुतक उतरवलं असावं, आणि मग मायलेकांनी बांबूंवर ती झाडांवरून ताणली. मी बाहेरून ओरडत होतो, "डावीकडं ढील पडून राहिली! ओढ! अजून ओढ!" ताणा कसा ताणायचा हे मला कोणी सांगायला नको. झाडांच्या पाच ओळी झाकल्या गेल्या. दुपारी थवा आला, जाळीवर बसला, चोची खुपसल्या, कलकलाट केला, शिव्या दिल्या आणि गेला. शालीक नाचला. म्हातारी माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. दात दोनच होते, पण दोन्ही दिसले.

पुढचे दिवस मी काही केलं नाही, फक्त पाहिलं. किड्यांनी खाणं सोडलं, पानं गुंडाळली आणि आत बसून स्वतःभोवती तार गुंडाळायला लागले. धोटा नाही, माग नाही. लिंबाएवढे कोसे फांदीला देठानं लटकले. म्हातारीनं सगळ्यात चांगले बियाण्यासाठी बाजूला बांधले, बाकीचे उतरवले, एका झाडाला कुंकू लावून नारळ फोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "किडे उतरले. आता या, बाबाजी."

चपला काढून दगडांची ओळ ओलांडली. येनाचं खोड उन्हाळ्यात तडकलेल्या बोडीच्या तळासारखं, चौकोन चौकोन. त्याला दोन्ही हात लावले. चंद्रभागेला आजारपणात मीच अंघोळ घालत होतो. तिच्या डाव्या मांडीवर सूत वळून वळून असाच खरखरीत घट्टा पडला होता. म्हातारीनं या वेळी हटकलं नाही.

पिशवीतला तुकडा काढून कोशाला लावला. रंग एकच. गिरजाबाईनं तुकडा घेतला, गालावर फिरवला. "एवढं मऊ होते आमचं?" जन्मभर कोसा काढून तिनं कापड हातात धरलं नव्हतं. तो तुकडा मी तिच्याकडेच ठेवला. तिनं मला टोपलीभर कोसे दिले. किती द्यायचे विचारलं तर म्हणाली, "जाळीचे तुमी किती घेता?"

"काही नाही."

"मंग चुप जा."

टोपली मांडीवर घेऊन तुमसर, मोहाडी, भंडारा. कंडक्टर म्हणाला अंडी आहेत का. मी म्हटलं, हो, गाडी जपून चालवायला सांग.

घरी आल्यावर पंधरा दिवसांची दाढी करायला न्हाव्याकडे गेलो आणि म्हटलं, डावी मांडीपण कर. दुकानातली पोरं हसून लोळली. हसू द्या. केसाळ मांडीवर सूत वळत नाही, सून ते शिकली नव्हती, आणि आमच्या घरात आता दुसरी मांडी नव्हती. सुनेनं कोसे उकळून दिले. पहिले दोन दिवस तार तुटत होती, मांडी सोलून निघाली. चंद्रभागेला एवढी वर्षं मी सांगत होतो, सूत जाडबारीक येतंय, लक्ष कुठं आहे तुझं. ती काही बोलायची नाही. आता कळलं काय बोलायची नाही ते.

सूत झालं. कांड्या भरल्या. सात हात विणले आणि लुगडं मागावरून उतरवलं. ओट्यावर उन्हात पसरलं तर गल्ली गोळा झाली. समोरचा नथ्थू कोष्टी, माझ्याच वयाचा, नजर घारीची आणि जीभ विंचवाची. त्यानं काठाशी वाकून पाहिलं, मागून पाहिलं. रंगात कुठं जोड सापडेना. येनानं आपलं काम चोख केलं होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि बोट फिरवत फिरवत चालला. अकरा हातांवर बोट थांबलं. तिथून पुढे बाणा जरा गाठाळ होता.

"इथवर वहिनी," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "इथून मी."