पोकुआची पावडर

पोकुआ ही आमच्या आडूम बाजारातली मदरबोर्डांची वैद्यीण. वय अडतीस, आवाज लाउडस्पीकरचा, आणि राग असा की त्यावर केळी तळून निघावीत. माझं चार्जर-केबलचं दुकान तिच्या दुकानाला खेटून आहे, त्यामुळे गेली बारा वर्षं मी तो राग फुकट शेकतोय.

राग तिला काम शिकवणाऱ्या मास्टर अमान्क्वावर. आमच्या कुमासी शहरात हाताखालची उमेदवारी संपली की मास्टर चार लोकांसमोर शिष्याच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततो. मग तो शिष्यही मास्टर. बारा वर्षांपूर्वी पोकुआची पावडर ठरली होती, कोंबडी-भाताचा बेतही ठरला होता. आदल्याच आठवड्यात अमान्क्वाने एका बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे संगणकाला जाग येताना 'मी कोण' हे सांगणारा छोटा प्रोग्राम, नव्याने लिहायला घेतलं आणि मध्येच लाईट गेली. बोर्ड मेला. अमान्क्वाने गिऱ्हाइकासमोर पोकुआकडे बोट केलं, "हिने मारला." पावडर रद्द. तेव्हापासून तिच्या निम्म्या अकलेचे सगळे बाजारात 'मास्टर', आणि ती नुसती पोकुआ.

आणि गेल्या शुक्रवारी तोच अमान्क्वा तिच्या दारात! टोपी नाकापर्यंत, काखेत चर्चचा संगणक.

"पोकुआ, बाळा, बरी आहेस ना?"

"बाळा? मास्टर, दुकान चुकलात."

"अगं, याचं फर्मवेअर लिहीत होतो..."

"आणि लाईट गेली."

"तुला कोणी सांगितलं?"

"बारा वर्षांपूर्वी तुम्हीच दाखवलंत की!"

मी केबली गुंडाळत गुंडाळत जवळ सरकलो.

"रविवारी प्रार्थना आहे," तो कुजबुजला. "गाण्याचे शब्द यातूनच मोठ्या पडद्यावर येतात. पाद्री मला कच्चा खाईल. काय घेशील?"

"पावडर. बाजारात, सगळ्यांसमोर. आणि तो बोर्ड कोणी मारला, तेही सांगायचं."

"सगळ्यांसमोर? माझी काही इज्जत आहे की नाही?"

"होती."

अमान्क्वाने शटर अर्धं ओढलं, आमटीत मीठ टाकावं तशी चिमूटभर पावडर तिच्या डोक्यावर टाकली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "झालं!" तिच्यापेक्षा जास्त पावडर माझ्या नाकात गेली. पोकुआ शांतपणे म्हणाली, "उद्या घेऊन जा." तिचा तो शांतपणा मला मुळीच आवडला नाही.

मग तिने बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावला, आतलं मोडकं फर्मवेअर वाचून जपून ठेवलं. तसल्याच एका धडधाकट बोर्डाची नक्कल घेतली, या संगणकाचा स्वतःचा क्रमांक तीत बसवला आणि ती चिपमध्ये लिहिली. टेबलाखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. लाईट गेली काय, आली काय. पण लिहिण्याआधी ती बराच वेळ काहीतरी टाइप करत स्वतःशीच हसत होती.

"काय चाललंय गं?"

"सही करतेय."

रविवारी चर्च गच्च भरलेलं. संगणक सुरू झाला, आणि कंपनीच्या चित्राच्या जागी भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'याला मारलं मास्टर अमान्क्वाने. जिवंत केलं पोकुआने. बारा वर्षांपूर्वीचा बोर्डही यांनीच मारला होता.' आमची गायकमंडळी भलतीच शिस्तीची. पडद्यावर आलं ते चालीत गाऊन मोकळी झाली!

सोमवारी भर बाजारात अमान्क्वाने अख्खा डबा पोकुआच्या डोक्यावर पालथा केला. "तो बोर्ड मीच मारला होता!" तो ओरडला. "तू मास्टर! बस्स? आता ती अक्षरं काढ. दर रविवारी दिसणार का ती?"

पोकुआने पापण्यांवरची पावडर झटकली.

"एका मास्टरच्या कामात दुसऱ्या मास्टरने कशाला हात घालायचा? तुम्हीच काढा. फर्मवेअर पुन्हा लिहायचं, एवढंच. फक्त लाईट सांभाळा हं."

अमान्क्वाने मान वर करून विजेच्या तारांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

पुढच्या रविवारी मी चर्चला तासभर आधी गेलो. तरी पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही.