श्रावणानंतरची गोळी

लालबागच्या त्या म्हातारीचं प्रकरण मला अजून आठवतं. पोलिसांच्या नोकरीत मृतदेह पुष्कळ पाहिले. पण स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावरही डोळ्यांसमोर येतो तो तिच्या सुनेचा चेहरा. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही.

अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. पाय सुजलेले, डोकं जड. सकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगेना, शेजारीण असावी.

"साहेब, आमच्या मजल्यावरची म्हातारी पहाटे गेली ती अशीच नाही गेली. अंगभर काळेनिळे डाग होते. सून छळायची. परवाच उंदराचं औषध आणलंन तिने. बघा काय ते."

म्हातारीला नेलं होतं त्या रुग्णालयात जाऊन अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा केला. दंडांवर, मांड्यांवर डाग खरंच होते. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत रक्तस्राव आहे. रक्त गोठतच नव्हतं. मारहाण म्हणता येणार नाही; पण उंदराचं औषध पोटात गेलं तरी असंच होतं." विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला. सुनेनेच केलं, हे मी ठरवून टाकलं; माझ्यापुरता तपास तिथेच संपला होता.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जाऊन विचारायचं, असा नियम आहे. मी हवालदार पाठवून सुनेला अख्ख्या मजल्यादेखत आणवलं.

"औषध कशाला आणलं?"

"उंदीर झालेत म्हणून. सगळी बिल्डिंग आणते, साहेब."

"आणि डाग?"

"जरा हात लागला तरी उमटायचे, घरचा गणपती गेल्यापासून. हृदयाची झडप बदललेली ना, रक्त पातळ ठेवायची गोळी होती त्यांना."

"द्यायचं कोण?"

"मीच."

"जास्त दिली असशील."

"डॉक्टरांनी वाढवली तेवढीच. श्रावणात तपासणीत रक्त घट्ट आलं म्हणून."

मला हे पढवलेलं वाटलं. आवाज चढवला. दुपारी तिचा नवरा दाराशी आला.

"साहेब, आईला न्यायचंय. हिला सोडा, तोंडात पाणी तरी घालू दे."

"आधी बायकोने काय पाजलं ते कळू दे," मी म्हणालो.

तो तिच्याकडे न बघताच गेला. प्रेतयात्रा तिच्याशिवाय निघाली.

गोळी हिनेच परस्पर वाढवली, हे पक्कं करायला मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मलाच विचारलं, "श्रावणात त्या काय खात होत्या?" फोन कानाशी धरून मी तोच प्रश्न सुनेला केला.

"आम्ही मालवणचे, साहेब. एरवी रोज मासे. श्रावणात बंद, मग दोन्ही वेळा अळू, माठ, शेवग्याचा पाला. पाच दिवसांचा गणपती गेला तशा म्हणाल्या, 'पालो खावन जीब मेली गो माजी, बांगडो हाड.' मग रोज बांगडे आणले, पाल्याला हात नाही लावला."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, गोळी आपणच वाढवली होती. हिरव्या पाल्यात रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व असतं. पाला वाढला की ही गोळी कमी पडते. पाला थांबला, डोस मात्र वाढलेलाच राहिला, म्हणून रक्त फारच पातळ झालं. "पाला वाईट नाही हो, तो रोज सारखा हवा. तपासणीला लवकर या म्हटलं होतं. जेवण बदललं तर सांगा, हे बोललो होतो का... आठवत नाही."

तपासणी राहिली, कारण घरात गणपती होता. लालबागला त्या दिवसांत डॉक्टरकडे कोण जातं? रस्ते तर आम्हीच बंद केले होते.

तिला त्या संध्याकाळी घरी जाऊ दिलं. व्हिसेऱ्यात विष निघालं नाही. पण अहवाल यायला महिने गेले. तोवर नवऱ्याने तिला माहेरी धाडलं होतं. कागद घेऊन मी शिवडीला तिच्या माहेरी गेलो. तिने तो वाचला.

"म्हणजे विष नव्हतं. बांगडे मीच तळले, गोळीही मीच दिली."

"प्रकरण बंद झालं," एवढंच म्हणून मी उठलो. यात तुमची चूक नाही, हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

ज्यांच्या घरी ही गोळी आहे, त्यांनी श्रावण धरताना आणि सोडताना, दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारावं. हे शिकलो ते सांगायला सोपं आहे. दुसरं जड जातं. संशय मी भर दिवसा, सगळ्या मजल्यासमोर घेतला. सुटका मात्र बंद दाराआड, कागदावर दिली. त्याच मजल्यावर उभं राहून, तिच्या नवऱ्यासमोर बोलायला हवं होतं. ती पुन्हा नांदायला गेली की नाही, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.