पावण्याचो पयलो आउट

कसालला हायवेच्या कडेला आम्ही बंगळूरच्या बसची वाट बघत उभे होतो. बाबा बॅग सोडायचं नावच घेत नव्हते, आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती, आणि आमच्या क्रिकेट टीमच्या बाबल्याच्या हातात नारळ होता. कुणकेश्वरला देवळाच्या वाटेवर त्याच्या घरचं नारळ-फुलांचं दुकान, त्यामुळे बाबल्या कुठंही नारळ घेऊनच उगवायचा. बस दिसली तशी त्यानं चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि भर रस्त्यावर गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे देवाला विनवणी करायची तर मोठ्यानं, चारचौघांत, आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आमची अख्खी टीम ओरडली.

"आज ही आमची किपर पोटासाठी परमुलखात जाता आसा, रे म्हाराजा! तिका थंय इडली-सांबार पचू दे, सायबाची वाकडी नजर भायरच्या भायर घालव, आणि स्टंपामागची जागा तिचीच ठेव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बसच्या खिडकीतून दोन-तीन अनोळखी माणसंही ओरडली. कंडक्टर वैतागला होता. मी हसत हसत चढले आणि फोंडा घाट येईपर्यंत रडत बसले.

माझं नाव स्नेहल. पण वाडीत मला त्या नावानं फक्त शाळेचे मास्तर हाक मारायचे. बाकीच्यांची मी किपर. पोरांच्या टीममधली एकटी पोर, तीसुद्धा स्टंपामागे, कारण सुरुवातीला तिथं उभं राहायला कुणी तयार नव्हतं. समुद्राची सुकती लागली, म्हणजे पाणी मागं हटलं, की ओली घट्ट वाळू मोकळी व्हायची आणि आमचं मैदान तयार. माडाच्या चुडताचा, म्हणजे झावळीचा, दांडा तासून केलेली बॅट, वाळूत खोचलेल्या तीन काठ्या. भरती चढायला लागली की मॅच संपली. ते ठरवणारा अंपायर समुद्र होता आणि त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. बाकी सगळ्यांशी आम्ही घालायचो.

नियम थोडेच होते, पण पक्के. बॉल पाण्यात गेला तर ज्यानं मारला त्यानंच आणायचा. आई बांधावर उभी राहून ओरडायची, "पाण्यात जाव नको गो!" आणि मी तोवर गुडघाभर पाण्यात असायचे. दुसरा नियम मे महिन्यात लागू व्हायचा. सुट्टीत कुणाकुणाचे मुंबईचे आतेभाऊ-मामेभाऊ यायचे, पांढरे बूट घालून. त्यांना खेळायला घ्यावंच लागायचं. मग बाबल्या जाहीर करायचा, "पावण्याचो पयलो आउट माफ, आणि पावण्याचो बॉल आमी हाडतलो." म्हणजे पाहुणा पहिल्यांदा आउट झाला तरी सोडायचा, आणि त्याचा बॉल पाण्यातून आम्ही आणायचा. बिचारे खूश व्हायचे. आपली किंमत काय ठरवलीय हे त्यांना कळायचंच नाही, आणि आम्ही पाठ फिरवून फिदीफिदी हसायचो.

बंगळूरला मी सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. तिथं क्रिकेट आहे, नाही असं नाही. ऑफिसची टीम आहे, ॲपवर टर्फ बुक करतो, हिरवं प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी. बॉल हरवत नाही, कुणाला ओलं व्हावं लागत नाही. बोल्ड झालं तरी सगळे टाळ्या वाजवून "वेल प्लेड" म्हणतात. अरे, बोल्ड झालेय मी, कसलं डोंबलाचं वेल प्लेड! एकदा मॅचआधी मी गंमत म्हणून गाऱ्हाणं घातलं. तेव्हापासून आमची कन्नड, तेलुगू, तमिळ मंडळी खेळण्याआधी न चुकता "होय म्हाराजा" ओरडते. गुंटूरच्या एका पोराची समजूत आहे की म्हाराजा हे आमच्या ग्रामदेवाचं नाव आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. चांगली माणसं आहेत सगळी. पण त्यांच्यातलं कुणी मला कधी शिवी देत नाही.

तिथंच प्रसन्न भेटला, हुबळीचा. लग्न झालं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याला घेऊन घरी आले, तेव्हा बॅग ठेवल्या ठेवल्या मी किनाऱ्याकडे धावले. सुकतीची वेळ मी फोनवर आधीच बघून ठेवली होती.

बाबल्या होता, नंदू होता. आमच्या टीमचा हा नंदू आता शाळेत मास्तर झालाय आणि चष्मा लावून बॉलिंग टाकतो. मला बघून दोघं धावत आले आणि माझ्यापासून चार हातांवर थांबले. मागून प्रसन्न येत होता. "या, या. बसा," बाबल्या म्हणाला. वाळूत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. शहाळी आली. "स्नेहल, प्रवास बरो झालो मा?" त्यानं विचारलं. त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी शहाळं प्रसन्नच्या हातात दिलं आणि बॅट मागितली.

नंदूनं हळू, अगदी लहान मुलाला टाकावा तसा बॉल टाकला. मला प्लास्टिकच्या गवताची सवय झालेली, ओल्या वाळूवर बॉल खालीच राहिला आणि मधली काठी उडाली.

"चलता गो, चलता," बाबल्या म्हणाला. "पयलो माफ. परत खेळ."

मी तिथंच उभी राहिले. पांढऱ्या बुटांचे ते सगळे आतेभाऊ आठवले.

"माफ कित्याक? मी पावणी आसंय?"

"तसा नाय गो," बाबल्या ओशाळून म्हणाला, "जावय बघतत."

मी बॅट त्याच्या हातात कोंबली आणि स्टंपामागे जाऊन उभी राहिले. तिथं आता दुसराच कुणी उभा असायचा, ते साहजिकच होतं. तो बाजूला झाला. जीव तोडून उभी होते हो मी! हे एवढं जमलं नाही तर पुढच्या खेपेपासून आपण खुर्चीत, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि बाबल्याची एक खोड मला पाठ होती. मोठा फटका मारायचा असला की त्याचा मागचा पाय उचलला जातो. नंदूनं टाकला, बाबल्या फिरला, बॉल चुकला, पाय उचलला गेला. मी बॉल धरून काठ्या उडवल्या.

"पाय आत होतो!" बाबल्या ओरडला.

"भायर होतो!"

"खंयसून भायर? डोळे फुटले तुझे?"

"तुझे फुटले! नंद्याक विचार!"

नंदू मास्तर झाल्यामुळे खरं बोलला. "भायर होतो रे."

बाबल्यानं बॅट वाळूत आपटली. "शिरा पडो तुझ्या तोंडार, किपर! थंय जावन सुदीक सुधारलंस नाय!"

किपर. प्रसन्न घाबरून खुर्चीतून अर्धा उठला होता, त्याला वाटलं भांडण जुंपलं. त्याला कसं सांगू की गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं!

पुन्हा माझी बॅटिंग आली, तेव्हा मी बॉल सरळ समुद्रात मारला. प्रसन्न भला माणूस, पँट वर दुमडून निघाला.

"तुमी बसा, भावोजी," बाबल्यानं त्याला अडवलं. "तुमी पावणे." मग माझ्याकडे वळून, कमरेवर हात ठेवून, "बघतस काय गो? जेना मारल्यान तेनाच हाडूचो!"

मी नव्या ड्रेससकट पाण्यात शिरले. बांधावरून आईचा आवाज आला, "पाण्यात जाव नको गो! नवे कपडे आसत ते!" मला इतका आनंद झाला होता की रडूच आलं.

आपल्यातले जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना सांगते. खुर्ची मांडू नका, आणि मिळाली तर बसू नका. शहाळं प्या, पण उभ्यानं. आपलं घर म्हणजे जिथं आपल्याला काही माफ नसतं, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

बॉल आणून मी नंदूकडे फेकला आणि निथळत पुन्हा उभी राहिले. त्यानं चष्मा पुसला, लांबून धावत आला, आणि या वेळी बॉल हळू नव्हता. काठी उडून मागं जाऊन पडली. मी बाबल्याकडे बघितलं.

"बघतस काय?" तो म्हणाला. "आउट. हो बाजूक."